बापाचा रकाना

उदगीरच्या बाहेर, बंद पडलेल्या जिनिंगच्या मागं
साडेतीन एकर. जाळी बारा फूट, वर गुळगुळीत पत्रा.
आत एकोणतीस लाल तोंडाची माकडं
अन् बाहेर लोखंडी स्टुलावर मी.
मांडीवर तक्ता. दर दहा मिनिटाला एक अक्षर:
उ, उवा निवडणं. भ, भांडण. ज, जुगणं.
क म्हणजे काहीच नाही.
सगळ्यात जास्त क.

खाजाभाई बादलीतून भिजलेले हरभरे फेकतात.
काय लिहायलाव मॅडम एवढं?
म्हटलं, कोण कुणापाशी बसतं ते.
हात्तिच्या, ते तर मी तोंडी सांगतो.
ती कानफाटकी, ती पाटलीण.
तिची ती धाकटी, ती थोरलीच्या वर.
आपल्यात थोरलीचा मान, यांच्यात शेंडेफळाचा.
पोरी घर सोडत नाहीत.
पोरांनी सोडायचं असतंय,
पण इथून जाऊन जाऊन जातील कुठं?

जाळीच्या कडेनं पायवाट पडलीय,
हातभर रुंद, गवताची काडी नाही.
वयात आलेला अकरा नंबर तिच्यावरून फिरतो,
सकाळी उजवीकडून, उन्हं कलली की डावीकडून.
मी त्याला क देते.
देताना पेन जरा अडतं.

कार्तिकात तोंडं रंगली,
बुडं पिकल्या तोंडल्यासारखी.
पोरीला शेजारी ठेवून मी थंडीत सहाला हजर:
ज, ज, भ, ज, उ.
साहेबांचा फोन आला, आत सगळे एकाच रक्ताचे,
मामा, भाची, मावसभाऊ,
तुमच्या तक्त्यात आडव्या रेघा फार झाल्या.
अशानं पिलं कमजोर निपजतात, माहीत आहे ना?
म्हटलं, हो सर.

मला मामालाच दिली.
आई म्हणाली होती, ओळखीचं अंगण आहे.
लातूरच्या दवाखान्यात कागदावर विचारलं,
लग्न नात्यातलं? हो किंवा नाही.
त्या दिवशी पेन कुठंच अडलं नाही.
पोरगी आता पाचवीत लागली.
कानामागचं यंत्र झोपताना स्वतः काढते,
डबीत ठेवते, झाकण लावते,
मग माझ्या ओठांकडं बघते:
काही राहिलं का बोलायचं?

वैशाखात सहा पिलं.
पाच छातीला लोंबलेली, जून दोडक्यांसारखी.
सहावं धाकटीचं.
बादली वाजली की गर्रकन वळतं,
आईचं केस धरून खाली डोकावतं, पडतं, परत चढतं.
मी मागची पानं उलटली.
अख्ख्या कार्तिकात धाकटीपुढं
एकही ज नव्हता.

खाजाभाईंनी हौदाच्या मागं नेलं.
बेशरमाच्या झुडपात जाळी खालून उचललेली,
वीत-दीड वीत.
कडा घासून चकचकीत, तारेला भुरे केस.
बाहेर चिंचेवर एक परका नर,
पाय खाली सोडून,
दोन्ही गालफडं आपल्याच हरभऱ्यांनी भरलेली.

किती दिवसांचं आहे हे?
मी लागलो त्याच्याआधीचं.
चार गेले, तीन आले, दोन परत गेले.
हजेरीला आपलं एकोणतीसच लिहितो.
थोडं थांबून म्हणाले,
बुजवायचं असेल तर सांगा, सिमेंट आहे.

मी विचारलं, अकराला ठाऊक आहे का?
दाखवायचं नसतं, मॅडम.
ज्याचं त्यानं हुडकायचं.

स्टुलावर येऊन तक्ता भरला.
पिलू मादी, वजन चांगलं,
आई अमुक, आजी तमुक, पणजी कानफाटकीची आई.
बापाचा रकाना मोकळा सोडला,
मोजून
वीत-दीड वीत.

उन्हं कलली होती.
अकरा डावीकडून निघाला,
हौदापाशी आला,
थांबला.

दहा मिनिटं झाली असतील.
मी घड्याळाकडं पाहिलं नाही.